आठ दारांची हवेली आणि फुटके मडके

मित्रांनो, मी एक जुनी हवेली आहे. दचकू नका; माझ्यात माणूस मावत नाही, मांजराचे पिल्लूसुद्धा मावणार नाही. मी चिमण्यांसाठी बनवलेली आठकोनी लाकडी हवेली आहे. आठ भिंती, आठ दारे, आत आठ खोल्या आणि वर टोकदार छप्पर. अकोटच्या भगवंतरावांच्या अंगणात माझे आयुष्य गेले. एक मात्र आधीच सांगून ठेवते, मी फार हेवेखोर आहे. आणि का नसावे? माझा जन्मच मुळी हेव्यातून झाला.

त्या वर्षांत सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे मोल आले. घरोघरी पैसा खुळखुळू लागला. भगवंतरावांचे चुलतभाऊ चंद्रभान यांनी बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधले. ते घुंगरू गल्लीतून वाजत गेले की भगवंतरावांच्या घशाखाली घास उतरत नसे. शेवटी ते नत्थुजी सुतारांच्या घरी जाऊन बसले.

"नत्थुजी, अख्ख्या अकोटात कोनाच्या घरी नसन अशी चीज पाह्यजे मले."

"मंग पाखराईचं घर करू. आठकोनी," नत्थुजी म्हणाले. "चारकोनी तं कोनीबी करते."

नत्थुजींच्या घराची पडवी हाच त्यांचा कारखाना. तिथे त्यांनी मेळघाटचे सागवान चिरले. मित्रांनो, आठकोनी काम मोठे चिकाटीचे असते. प्रत्येक फळीची कड तिरपी तासावी लागते, तेव्हा कुठे ती शेजारच्या फळीला नीट टेकते. सात फळ्या जुळल्या तरी निश्चिंत होता येत नाही, कारण सगळ्यांची बारीकसारीक चूक शेवटच्या फळीपाशी येऊन साठते. माझी आठवी भिंत काही केल्या बसेना. नत्थुजी रंधा मारत, फळी लावून पाहत, एक डोळा मिटून फटीतला उजेड बघत आणि पुन्हा सगळे उकलत. फट दिसेनाशी झाली तेव्हाच त्यांनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या.

त्याच पडवीत भगवंतरावांची नवी दमणीही तयार होत होती. दमणी म्हणजे बसून फिरायची हलकी बैलगाडी. येणारा-जाणारा तिच्याच चाकांवरून हात फिरवी, तिचेच कौतुक करी. माझ्याकडे कोणी बघेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

दिवाळीनंतर मला अंगणातल्या उंच खांबावर चढवले आणि माझे दिवस पालटले. त्या काळी लोक घरच्या गाद्या उसवून आतला कापूस विकत होते, इतका त्याला भाव होता. आणि भगवंतरावांनी काय करावे? सरकी काढलेला, पिंजलेला, पांढराशुभ्र कापूस माझ्या आठही खोल्यांत ठासून भरला.

"अवो, चिमन्याईले राह्याले जागा तं ठेवा," त्यांच्या बायको सत्यभामाबाई म्हणाल्या.

"माह्या घरच्या चिमन्या गादीवर झोपतीन. चंद्रभानच्या झोपतेत का?"

गाव मला बघायला लोटले. माणसे मान वर करून तोंडात बोट घालत. दमणी खाली उभी राहून धूळ खात होती आणि मी वर फुगत होते. पण चिमणी एकही आली नाही.

चिमण्या राहत होत्या कुठे, ठाऊक आहे? गोठ्याच्या वाशाला टांगलेल्या एका मडक्यात! ना रूप ना रंग, काठ फुटलेला, पोटाला काळे लागलेले. त्याच्यात दिवसभर चिवचिवाट चाले. मला ते ऐकवत नसे. बरे, चिमण्या माझ्याकडे येतच नव्हत्या असेही नाही. फाल्गुनात एक चिमणी माझ्या दारात येऊन बसली आणि मला आनंदाने काही सुचेना. तिने आत चोच घातली, कापसाचा एक पुंजका ओढला आणि भुर्रकन उडून थेट मडक्यात गेली. मग दुसरी आली, तिसरी आली. गादी माझी आणि संसार मडक्याचा! ते मडके पडून फुटावे, असे मला रोज वाटे. खोटे कशाला बोलू?

चंद्रभानांच्या नजरेतून हे सुटणार थोडेच. ते अंगणात उभे राहून हसले. "दादा, हवेली तं जोरदार हाय. भाडेकरूच भेटून नाही राहिला वाटते."

भगवंतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच दिवशी नत्थुजींना निरोप धाडला, "पाडव्याच्या आधी पाखरू नाही आलं तं हवेली मोडा. फळ्या दमनीच्या बैठकीले कामी येतीन."

मित्रांनो, माझे काळीज हलले. जिचा मी आजवर हेवा केला, तिच्याच अंगावर फळी होऊन मला आयुष्य काढावे लागणार होते. पाडवा जवळ येत गेला आणि माझी आठही दारे ओसच राहिली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी नत्थुजी आले. त्यांनी मला खाली उतरवले, छप्पर काढले आणि सगळा कापूस उपसून सत्यभामाबाईंच्या टोपलीत टाकला. मग छप्पर परत टेकवून पहिल्या खुंटीला पटाशी लावली. खुंटी हलेना. तेवढ्यात सत्यभामाबाईंनी भाकरी खायला हाक मारली. नत्थुजींनी मला गुरांच्या हौदाशेजारच्या बुटक्या भिंतीवर ठेवले आणि ते जेवायला गेले.

मडक्यातल्या चिमण्यांनी टोचून हाकललेली एक जोडी तिथेच पाणी पीत होती. चिमणी माझ्या दारात आली. डोकावली. आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. कापूस नव्हता, काहीच नव्हते, नुसती अंधारी रिकामी खोली होती. चिमणा गवताची काडी घेऊन आला आणि ती दोघांनी मिळून दारातून आत ओढली.

नत्थुजी ओले हात पुसत परतले आणि थबकले. मागून भगवंतराव आले.

"काय झालं?"

"काडी ठेवली, मालक."

"एक काडी तं हाय. काढून फेका."

नत्थुजींनी पटाशी उचलली नाही. सत्यभामाबाई भाकरीचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "काडी नोहे ते. चौकट बसवली तिनं. आपल्या घराची चौकट बसवली तवा पूजा केली होती ना आपन? चौकट बसल्यावर घर मोडते का कोनी?"

भगवंतरावांनी रिकाम्या खांबाकडे पाहिले. मग म्हणाले, "मंग वर तरी टांगा. लोकाईले दिसन."

"हलवलं तं उडून जाईन ते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

म्हणून मी आजवर इथेच आहे, हौदाशेजारी. गल्लीतून मी कोणाला दिसत नाही आणि माझे कौतुकही कोणी करत नाही. पुढे ती लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, भगवंतरावांनी दमणी विकली. माझ्या खोल्या मात्र कधी ओस पडल्या नाहीत. तरी माझा स्वभाव गेला नाही हो. माझ्याच घरात जन्मलेले पिल्लू पहिल्यांदा उडते आणि नेमके त्या मडक्याच्या काठावर जाऊन बसते, तेव्हा मी अजून जळते.

मित्रांनो, तुम्हीही पाखरांसाठी घर कराल. फळ्या नीट जुळवा, ऊन-पावसाची काळजी घ्या. पण आत काही भरू नका. गादी चिमणी आपली आपण आणते. आणि तिने पहिली काडी ठेवली की ते घर माझे आहे, असे पुन्हा म्हणू नका.