कोटाखालचा कॉम्प्युटर

फोटो स्टुडिओत सकाळपासून झुंबड उडाली होती. टेबलावर कॉम्प्युटरचा डबा, डब्यावर लोकरी कोट पांघरलेला आणि समोर डोळे मिटलेले महाराज. फोटोग्राफर वारल्यापासून त्याचा कॉम्प्युटर सुरू केला की थोड्याच वेळात बंद पडे, पुन्हा सुरू केला की पुन्हा बंद!

"आत्मा आलाय," महाराज म्हणाले, "पण बिचाऱ्याला पासवर्ड आठवेना!"

मग कोट मांडीवर घेऊन त्यांनी तासभर मंत्र पुटपुटले. बटण दाबलं. कॉम्प्युटर मुकाट चालू राहिला.

"आता विचारा ना, आमच्या पोरीचं कधी जमेल?" मागून कोणीतरी ओरडलं.

फोटोग्राफरची थोरली बहीण, विज्ञानाची शिक्षिका, कोपऱ्यातून भावजयीकडे पाहत होती. तिच्या अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं. धंदा बंद, जेवणाची शुद्ध नाही; दिवसभर म्हणे बटण दाबायचं आणि त्या डब्याशी बोलत बसायचं. अशी किती दिवस जगणार होती ती?

भावजयीने कोट पुन्हा डब्यावर पांघरला. थोड्या वेळाने कॉम्प्युटर बंद पडला.

"अगं, हा कोट कधीपासून इथे?" बहिणीने विचारलं.

"त्यांचाच आहे, ते गेले तेव्हापासून. धूळ बसलेली त्यांना खपायची नाही ना, ताई."

ताईंनी कोटाखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. त्यांनी कोट काढला, डबा निवू दिला आणि बटण दाबलं. ना मंत्र, ना तंत्र. कॉम्प्युटर छान चालू राहिला.

"कोटाने डब्याच्या जाळ्या झाकल्या जातात. आत उष्णता कोंडली की यंत्र जळू नये म्हणून आपणच बंद पडतं. महाराज कोट मांडीवर घेतात, तोवर ते निवतं. मंत्रांऐवजी पाढे म्हटले असते तरी चाललं असतं!"

"आत्मा रुसला!" महाराज गरजले आणि तरातरा निघाले. गर्दी त्यांच्यामागे गेली. शेजारच्या घरातला फ्रीज म्हणे कण्हत होता.

भावजय चालू पडद्याकडे बघत राहिली.

"म्हणजे ते नव्हतेच, ताई?"

"नव्हता गं. माझाही भाऊच होता. असता तर मला नको होता का?"

"मग आता मी बोलू कुणाशी?"

ताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. भाऊ गेल्यानंतर आज पहिल्यांदाच त्या इथे आल्या होत्या.

तेव्हा मंडळी, यंत्र बिघडलं तर आधी हात लावून बघा, कारण शोधा. आणि घरात कोणी असं एकटं पडलं असेल, तर महाराज पोहोचायच्या आत तुम्ही पोहोचा.