एकशे चौदा, मेन स्ट्रीट

…आणि चार स्क्रू. पितळी पाटीच्या पाठीला चिकटपट्टीनं डकवलेल्या इवल्याशा पिशवीत चार स्क्रू — म्हणजे भिंतीला भोकं पाडायची कुणी, तर पोस्टमास्तर मार्वानं. भिंत कुठली, तर तीही मार्वानंच ठरवायची. आणि शनिवारी टाळ्या वाजवायला बाकीचे सगळे येणार. तिनं पिशवी तिकिटांच्या खणात टाकली. पुन्हा बाहेर काढली. पाटीवर ठसठशीत: खासदार डेल क्रॅब्ट्री टपाल कचेरी.

पाइन लिक गावात पोस्टाला पोस्टच म्हणतात. जरा पोस्टात जाऊन येते, म्हटलं की झालं. त्यासाठी तिकडे वॉशिंग्टनात दोन सभागृहांनी कायदा केला, राष्ट्राध्यक्षांनी सही केली, आणि त्याआधी केंटकीच्या झाडून सगळ्या खासदारांनी पक्षबिक्ष विसरून विधेयकाला पाठिंबा दिला — तशी रीतच आहे, एक जरी अडून बसला तरी नाव पुढे सरकत नाही. पूल दुरुस्त करा म्हटलं की ह्यांची तोंडं चार दिशांना. मेलेल्याचं नाव भिंतीवर चढवायचं म्हटलं की बघा, कसे एका ताटात जेवतात!

कलम एक, पोटकलम अ: ११४, मेन स्ट्रीट, पाइन लिक येथील टपाल इमारत यापुढे…

एकशे चौदा.

हे पोस्ट नऊ, डेपो स्ट्रीट. इथे हलवून अकरा वर्षं झाली. एकशे चौदामध्ये आता नाणी टाकून कपडे धुवायची यंत्रं घरघरत असतात. गेल्या पानगळीत विधेयकाचा मसुदा तिच्याकडे आला होता, पत्ता तपासून कळवा म्हणून. तिनं वाचला, चूक पाहिली आणि कागद खणात सारला. विसरले, असं ती स्वतःला सांगत राहिली… नाही विसरले. कशी विसरेन? आई सव्वीस वर्षं एकशे चौदाच्या खिडकीमागे उभी होती, पूर आला तेव्हा कमरेइतक्या पाण्यातून पत्रांच्या पेट्या डोक्यावर घेऊन तिनं खेपा घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी क्रॅब्ट्री कोरडे बूट घालून फोटोपुरता आला. आईच्या नावाचं गावात एक बाकडंसुद्धा नाही. मग घ्या म्हणावं, द्या नाव धुण्याच्या दुकानाला! अख्ख्या देशाचा कायदा, आणि आत ओल्या मोज्यांचा वास — हे हसू सात महिने तिनं एकटीनं पुरवून पुरवून खाल्लं होतं.

"पाटी आली म्हणे?"

मिस ओपल. डेलची बायको, तरी गावाला 'मिस'च. वय ब्याऐंशी, पोस्टातली भाड्याची पेटी क्रमांक सेहेचाळीस, रोज अकराला हजर, पत्र असो नसो.

"आली. दाखवू?"

"नको गं बाई. आत्ताच रडून घेतलं तर शनिवारी काय करू?" काउंटरवर कोपर टेकून ती हसली. "डेलनं ह्या नव्या पोस्टात पाऊल टाकलं नाही कधी. पायच गेले होते ना त्याचे. त्याचं पोस्ट म्हणजे तुझ्या आईचं. हेस्टर त्याला काय म्हणायची, आठवतं? 'खासदार असशील तुझ्या घरी. रांगेत उभा राहा.'"

"आणि राहायचे?"

"न राहून सांगतो कुणाला! पुढे प्रत्येक भाषणात हेच. अख्ख्या केंटकीत मला रांगेत उभं करणारी एकच बाई, म्हणायचा. टाळ्याच टाळ्या. बाईचं नाव मात्र सांगायचा नाही, मेला."

मिस ओपल किल्ली चाचपत पेट्यांकडे वळली. मार्वाच्या समोर कायद्याचा कागद तसाच पसरलेला. पोटकलम ब — ते तिनं कधी नीट वाचलंच नव्हतं: कोणताही कायदा, नकाशा, कागदपत्र वा सरकारी नोंद यांत उपरोक्त इमारतीचा उल्लेख आल्यास, तो क्रॅब्ट्री टपाल कचेरीचाच उल्लेख समजण्यात येईल.

समजण्यात येईल…

आईच्या नेमणुकीचा कागद — एकशे चौदा. निवृत्तीचं पत्र — एकशे चौदा. पुराच्या अहवालातली ती एकच ओळ, जिच्यात आईचं आडनाव चुकलेलं आहे, तीसुद्धा — एकशे चौदा. ह्या इमारतीतून त्याला हुसकलं खरं, पण मीच दडपलेल्या कागदानं त्याला नेऊन उभं केलं कुठे, तर आईच्या खिडकीत. आणि मी सात महिने मोज्यांवर हसतेय!

फोन वाजला. विद्यमान खासदारबाईंच्या कचेरीतली शेल्बी. हिचा आवाज नेहमीच धावत आल्यासारखा.

"मॅडम, पत्रिका छापायला टाकतेय. एकशे चौदा, मेन स्ट्रीट, बरोबर ना? आणि समोर गाड्या लावता येतील ना हो?"

चूक आहे म्हटलं, तर कायद्याची दुरुस्ती, पुन्हा सगळ्यांचा पाठिंबा, पुन्हा दोन सभागृहं — वर्ष, दोन वर्षं. मिस ओपलकडे तेवढी आहेत का? शिवाय विचारतील, मसुदा तर तुमच्याकडेच आला होता… बरोबर आहे म्हटलं, तर आई त्याच्याच नावाखाली राहील, सरकारी नोंदींत, कायमची.

"हॅलो? मॅडम, आहात ना?"

"आहे. जरा थांब."

पलीकडे मिस ओपलनं रिकामी पेटी उघडली, आत हात घालून पाहिला, हळूच बंद केली. मार्वाच्या मुठीत चार स्क्रू रुतत होते. आणि तिला एकशे चौदाची ती जुनी खोली दिसली, ओल्या गोणपाटाच्या वासासकट: डेल क्रॅब्ट्री रांगेत, टोपी हातात, पुढे तीन माणसं, आणि आई मान वर न करता शिक्के मारतेय, ठक्… ठक्… काही घाई नाही. आता दोन माणसं. आता एक. इतकी वर्षं मार्वाला वाटायचं की ह्याची पाळी कधी येऊच नये. आत्ता ती मोजत होती — आणि त्याची पाळी यावी की येऊ नये, हे तिचं तिलाच सांगता येईना.