वरची जाळी

बुधाजी शिडीवर चढून टर्कींच्या पिंजऱ्याची वरची जाळी सोडवत होता आणि खाली उभी असलेली त्याची मुलगी हर्षला तिसऱ्यांदा विचारत होती, की वरनं उघडं राहिलेलं चालेल का.

"वरनं काय उडून येतंय का?" बुधाजी म्हणाला. "जनावर जमिनीवरनंच येतंय. तू पक्कड दे."

तिनं पक्कड दिली. बाप तीस वर्षं खोपोलीकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यात रखवालदार होता आणि त्याच्या पाळीत एक खिळासुद्धा हलला नव्हता, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. अशा माणसाला आता परसातली राखण कुणी शिकवायची?

झालं होतं ते एवढंच. दुपारी वाडीवरचा जैतू करवंदं घेऊन आला, पाणी प्यायला आणि जाता जाता बुधाजीच्या बायकोला, गौराबाईला, सांगून गेला की तुमच्या मागच्या अंगाला रातचं जनावर फिरतंय, पक्षी सांभाळा. तिनं निरोप जसाच्या तसा नवऱ्याच्या कानावर घातला आणि बुधाजी काठी घेऊन तडक परसात गेला. त्याच्या घरात आईच्या वेळेपासून सापाचं नाव कुणी घेत नसे. जनावर म्हणायचं, संपलं. तेव्हा कसलं जनावर, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

मग सगळी संध्याकाळ जमिनीवर गेली. उंदरांची बिळं विटांचे तुकडे ठोकून बुजवली. कुडाजवळची पेंढ्याची रास लांब नेऊन टाकली. पण पिंजऱ्याच्या खालच्या कामट्यांत हात जाईल एवढ्या फटी होत्या, घरात जाळीचा तुकडा नव्हता आणि कशेळ्याच्या बाजारातलं दुकान एव्हाना बंद झालेलं. वरची काढू, खाली लावू, उद्या नवी आणू. पक्ष्यांचे पंख कातरलेले, ते काही उडून जात नाहीत. एका रात्रीचा तर प्रश्न.

आता, टर्की ते काय आणि त्यांच्यासाठी एवढा जीव काय टाकायचा, असं कुणीही म्हणेल. गाव म्हणतच होतं. पण नर पिसारा फुलवून गुळगुळ करत अंगणातून फिरायला लागला, तेव्हा रस्त्यापलीकडची अंबाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाली होती, की गौरे, खऱ्या जावयापेक्षा हा बरा गं, रुबाब तरी आहे. जावयाचं नाव निघालं म्हणून गौराबाई धास्तावली. आणि सासर सोडून आल्यापासून वर्षभर न हसलेली हर्षला पदर तोंडाला लावून हसत सुटली.

नऊ पक्षी होते. पिल्लं तिनंच आणली, दिवसातून पाच वेळा भरवून तिनंच वाढवली. डालग्याखाली झाकायच्या कोंबड्या नव्हेत त्या. पिंजराही तिनंच बापाकडून बांधून घेतला. आता एक मादी पिंजऱ्यातल्या खोपट्यात अंड्यांवर बसली होती. पण एकदा भाकरी थापता थापता हर्षला सहज बोलून गेली होती, "हे नाय जमलं ना आई, तर जाईन मी आपली परत तिकडं." तिकडं, म्हणजे जिथनं ती हाताला प्लास्टर घेऊन आली होती तिथं. ते कानावर पडलं त्या दिवसापासून बुधाजीचा जीव त्या नऊ पक्ष्यांत अडकला होता.

रात्री तो खुर्ची टाकून पिंजऱ्यापाशीच बसला. डोळ्याला डोळा लावला नाही. बॅटरीचा झोत कामट्यांच्या बुडाशी, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहाटे आत एकदम फडफड झाली, तेव्हाही तो काठी आपटत जमिनीवरच शोधत राहिला. झोत वर गेला तोवर उशीर झाला होता. पिंजऱ्यावर आलेल्या फणसाच्या फांदीवर दोन डोळे चमकले आणि पानांत विझले.

तीन पक्षी गेले होते. अंड्यांवरची मादी त्यांत होती, खोपट्याच्या तोंडाशीच मान मोडून पडलेली.

उजाडल्यावर जैतू आला. त्यानं फणसाच्या खोडावरचे ओरखडे बघितले. "रानमांजर," तो म्हणाला. "मी सांगून गेलतो ना काल, जनावर हाय म्हणून."

"मला वाटलं लांबडं," बुधाजी म्हणाला.

जैतूनं वर बघितलं, उघड्या पिंजऱ्याकडं, मग खाली गुंडाळलेल्या जाळीकडं, आणि वाडीच्या वाटेला लागला. शहाणा माणूस.

हर्षला घरात गेली. बुधाजी पुढच्या पायरीवर येऊन बसला. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. गौराबाई आत जायला निघाली तर त्यानं तिचा हात धरून खाली बसवली. कुठल्या तोंडानं अडवायचं? वर्षानुवर्षं दुसऱ्याचं लोखंड राखलं आणि पोटच्या पोरीचं एक काम एक रात्र राखता आलं नाही. त्याला रडू येत होतं आणि बायकोसमोर लाजही वाटत होती.

मागच्या दारानं बाहेर पडून, घराला वळसा घालून हर्षला आली. सासरहून येताना आणलेली तीच बॅग तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती फाटकाकडं निघाली, तसा बुधाजी आडवा आला.

"पोरी, जाळी मी काढली. चूक माझी हाय. तू नको जाऊस."

"हळू बोला आबा," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "अंबाकाकूंची कोंबडी खुडूक बसलीय. अंडी अजून कोमट हायत."

बॅगेची चेन अर्धी उघडी होती. आत सासरची जरीची साडी घडी न घालता कोंबलेली आणि तिच्या मऊ भागात ठिपक्यांची सात अंडी.

"एक बंद तुमी धरा. हिसका नको बसाया."

बुधाजीनं बंद धरला. अंबाबाईचं दार रस्त्यापलीकडं होतं. दोघं पावलाला पाऊल मिळवत निघाली, रस्त्यावर आली आणि कशेळ्याची जीप माणसं भरून भरधाव वळणावरून आली. बुधाजीनं मोकळा हात वर केला आणि जीप पूर्ण थांबून हर्षला पलीकडं पोचेपर्यंत तो खाली घेतला नाही.