मागचा डावा पाय

मित्रांनो, गेल्या एकवीस वर्षांत या गावात जे जे म्हणून भले झाले, ते माझ्याशिवाय झालेले नाही. बागेतला झोपाळा, दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारचा उतार, वाचनालयाची कपाटे, नदीकाठचे दिवे, या सगळ्यांचे भवितव्य माझ्यावर तोलले गेले आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मी एक जुनी खुर्ची आहे. मला हात नाहीत, बसायची फळी मधोमध खोलगट झाली आहे आणि माझा मागचा डावा पाय नखभर आखूड आहे. इतिहास लिहिणारे आजवर दोनदा आले. दोन्ही वेळा ते शेजारच्या गादीच्या खुर्चीवर बसले.

माझा जन्म एका औषधाच्या दुकानासाठी झाला. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे गाव काकू म्हणायचे. औषध तयार होईपर्यंत म्हाताऱ्या माणसांना टेकायला काहीतरी हवे, म्हणून काकूंनी सुतार बोलावला. तो आला, कोपऱ्यात उकिडवा बसला, दोरीने काहीबाही मोजले आणि निघून गेला. आठवड्याने तो मला घेऊन आला. त्या कोपऱ्यात मी अशी बसले की जणू तिथेच उगवले होते. तीस वर्षे मी तिथे तापलेली, खोकणारी, चिठ्ठी हरवलेली माणसे सांभाळली. माझ्या पायाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

काकूंना मूलबाळ नव्हते. जाताना त्यांनी राहते घर विकून आलेले सगळे पैसे बँकेत ठेवायला लावले, दुकानाची इमारतही गावाच्या नावे केली आणि लिहून ठेवले की मुद्दलाला कधीही हात लावायचा नाही. दरवर्षी जे व्याज येईल त्यातून गावाची लहान कामे करायची. शेवटी एक ओळ होती: मोठ्या कामांना सरकार आहे, लहान कामांना कोणी नसते. असा हा निधी उभा राहिला. दुकानाचे कार्यालय झाले. जुनी फरशी उखडून नवी गुळगुळीत फरशी बसवली, आणि ज्या दिवशी मला तिच्यावर ठेवले त्याच दिवशी मी लंगडी ठरले.

फेकून देणार होते. पण काकूंची आठवण म्हणून ठेवली आणि अर्जदारांना बसायला दिली. पैसे मागायला आलेल्या माणसाला फार आराम देऊ नये, असाही विचार असावा.

आता या मुद्दलाविषयी थोडे मनातले सांगते. मी त्याला कधी पाहिलेले नाही. ते बँकेत असते. काही करत नाही, कुठे जात नाही. तरी माझ्या समोरच्याच भिंतीवर पाटी आहे, 'मुद्दलाला हात लावू नये'. एकवीस वर्षे नुसते पडून राहायचे आणि गावभर मान मिळवायचा, याला नशीब लागते. माझ्यावर येईल तो बसतो, येईल तो हात पुसतो. मला हात लावू नये अशी पाटी कोणी लावली नाही.

पाटीच्या खाली फोटो आहेत. निधीतून जे जे झाले त्याचा एकेक फोटो, चौकटीत. मधोमध झोपाळा. तांबडा रंग दिलेला, फुलांची माळ घातलेला, आणि गळ्यात माळ घातल्यावर जी तोऱ्याची मान होते ती त्या लोखंडाचीही झालेली. त्या झोपाळ्यासाठी अर्ज करणारी बाई माझ्यावर बसली होती. माझ्यावर! पण फोटो त्याचा. एका फोटोत माझ्या पाठीचा कोपरा आला होता, तोही चौकट बसवताना कापला गेला. दिवसभर समोर बघत बसायचे आणि आतल्या आत जळायचे, एवढेच माझ्या हाती होते. आणि मी मघाशी सांगितलेच, मला हात नाहीत.

म्हणून मी पायाचा उपयोग केला.

त्याचे असे झाले की निधीचे अध्यक्ष हे निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षे त्यांनी माणसांना खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावले होते. त्यामुळे त्यांची एक ठाम समजूत होती, आणि ती ते प्रत्येक सभेत एकदा तरी बोलून दाखवत: "माणूस खुर्चीत कसा बसतो, त्यावरून मी माणूस ओळखतो." जो स्थिर बसला त्याचे काम खरे. जो हलला त्याच्या मनात खोट. कोणाच्या मनात आले नाही की एकदा खुर्चीही पाहावी.

अर्जदाराने मागे डावीकडे भार टाकला की मी 'टुक' करत असे. मी अंग आवरून धरले तर हे टाळता येत होते. शिक्षक आले, परिचारिका आल्या, माणसांसाठी काही मागितले, तर मी श्वास रोखून बसायची. पण नव्या वस्तू मागणारा आला की अंगाचा तिळपापड व्हायचा. नवी बाके? टुक. नवी घसरगुंडी? टुक, टुक. अर्जदार दचकून सावरायचा, अध्यक्ष भुवई उंचवायचे आणि चिटणीसबाई, ज्या आयुष्यभर कचेरीत टंकलेखन करून आल्या होत्या, सुवाच्य अक्षरात शेरा लिहायच्या: 'अर्जदाराच्या मनाची चलबिचल दिसली.'

मला यात काही गैर वाटत नव्हते. उलट झोपाळ्याच्या वेळीच ही युक्ती का सुचली नाही, याची हळहळ वाटायची.

मग एक दिवस सुतारमावशी आल्या.

पन्नाशी ओलांडलेल्या, बोटांना सरसाचे डाग, कानामागे पेन्सिल विसरलेली. सात पानांचा अर्ज घेऊन आल्या होत्या. बंद पडलेल्या छापखान्यामागे त्यांची भाड्याची खोली होती. मालकाला आता ती मोबाइलवाल्याला द्यायची होती. मावशींनी वर्षाचे भाडे एकदम भरले तर त्यांना, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी. रिकामी म्हणजे हत्यारे भंगारात, कारण घरी दोन खोल्यांत सहा माणसे. मावशींचे म्हणणे असे की भाडे निधीने द्यावे. त्याबदल्यात त्या आठवड्यातून दोन दिवस खोली गावासाठी उघडी ठेवतील. ज्याचे जे मोडले असेल ते त्याने आणावे; फुकट दुरुस्त करून देणार नाहीत, त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतील.

हे सगळे मी नीट ऐकले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अर्जाच्या सुरुवातीलाच 'नवे कामाचे बाक एक, लाकूड घट्ट धरायचा नवा शिकंजा एक' असे शब्द आले, आणि माझे कान तिथेच बंद झाले. नवे बाक. म्हणजे आणखी एक फोटो.

खजिनदारांनी, जे पूर्वी विमा विकत आणि अजूनही सगळ्यांच्या मरणाची काळजी करत, विचारले की हे तुमच्यामागे कोण चालवणार. मावशींनी सांगितले की म्हणून तर शिकवायचे आहे. उत्तर चांगले होते. मग अध्यक्ष पुढे झुकले.

"लोक येतील, याची तुम्हाला खात्री आहे?"

"आहे," मावशी म्हणाल्या.

टुक.

मावशी सावरल्या, पण वर बघायच्या ऐवजी खाली बघू लागल्या. अध्यक्षांनी दुसरा प्रश्न विचारला तरी त्यांची नजर माझ्या पायावरच. जो माणूस उत्तर देताना नजर चुकवतो त्याच्याविषयी अध्यक्षांचे काय मत असणार, हे तुम्हाला कळलेच असेल. वही संपली होती, म्हणून चिटणीसबाईंनी शेरा अर्जावरच लिहिला आणि अर्ज परत दिला. पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले. तिघेही चहासाठी आतल्या खोलीत गेले.

मावशी एकट्याच उरल्या. मला उचलून उलटी केली आणि मांडीवर घेतली. इतक्या वर्षांत मला मांडीवर घेणारे माणूस पहिल्यांदाच भेटले. एरवी मीच सगळ्यांना घेत आले. त्यांनी डाव्या पायाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"झिजलाय कुठे? करवतीने कापलाय, सफाईने," त्या माझ्याशीच बोलल्या. "तू लंगडी नाहीस गं. तुझी जागा पाहून तुझे पाय केले होते कोणीतरी. या लोकांनी जमीन बदलली."

मित्रांनो, मला सगळे आठवले. काकूंच्या दुकानाबाहेर एक मोठे झाड होते. त्याचे मूळ फरशीखाली शिरून कोपरा नखभर वर आला होता. तो सुतार दोरीने तेच मोजत होता. ज्याची मी एकवीस वर्षे लाज बाळगली, ती त्याची सगळ्यात बारीक कारागिरी होती. आणि हे ओळखणाऱ्या एकुलत्या एक माणसाला मी नुकतेच पाडले होते.

मावशींनी हातातल्या सात पानांच्या अर्जाला तीन घड्या घातल्या, मला सुलटी ठेवून तो माझ्या पायाखाली सरकवला, मला दोन्ही हातांनी दाबून पाहिले आणि निघून गेल्या.

त्यानंतर मी हलले नाही. हलायचे म्हटले तरी हलता येईना. पुढच्या सभेला चार अर्जदार आले, चौघेही दगडासारखे बसले, चौघांचेही मंजूर. त्याच्या पुढच्या सभेला पाच. एकजण तर गावात कारंजे हवे म्हणून आला होता, स्वतःलाही ते पटलेले नव्हते, पण बसला मात्र असा की अध्यक्षांनी उठून त्याचा हात हातात घेतला. चौथ्या महिन्यात खजिनदारांनी सांगितले की वर्षाचे व्याज संपले आहे आणि आता फक्त मुद्दल आहे. असे म्हणताना त्यांनी पाटीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"गाव एकदम खरं बोलायला लागलंय की काय?" चिटणीसबाईंनी विचारले.

अध्यक्ष अस्वस्थ झाले. आपली नजर गेली असेल, अशी शंका त्यांना पहिल्यांदाच आली. तपासून पाहावे म्हणून ते स्वतःच येऊन माझ्यावर बसले आणि खजिनदारांना प्रश्न विचारायला सांगितले. इतक्यात चिटणीसबाईंचे पेन घरंगळले. त्या वाकल्या, तर माझ्या पायाखाली कागद. कार्यालयात कागद खाली पडलेला त्यांना सहन होत नाही. त्यांनी तो ओढला.

"माणूस ओळखण्यात तुमची चूक होत नाही, याची खात्री आहे?" खजिनदार विचारत होते.

"आहे," अध्यक्ष म्हणाले.

टुक.

अध्यक्ष एकदा पुढे झाले, एकदा मागे. टुक. मग चिटणीसबाईंनी जुन्या वह्या काढल्या आणि शेरे मोजले. चलबिचल चौतीस वेळा.

"चौतीस माणसं," अध्यक्ष म्हणाले.

"पस्तीस," चिटणीसबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला कागद उलगडला होता आणि त्या तिसऱ्या पानावर पोहोचल्या होत्या.

व्याज संपले होते. मुद्दलाला हात लावायचा नव्हता. पण खजिनदारांना आठवले की याच इमारतीत मागे काकूंचे औषधांचे गोदाम आहे, आणि त्यात एकवीस वर्षांत रिकाम्या बाटल्यांखेरीज काही राहिलेले नाही. भाडे द्यायला पैसे नसतील, पण भाडे न घेता जागा देता येते. नव्या वर्षाचे व्याज आले की बाक आणि शिकंजा. पाऊण तासात ठराव झाला. चौतीस जणांना पुन्हा बोलवायचे, असाही ठराव झाला.

चिटणीसबाई त्याच संध्याकाळी मावशींच्या घरी गेल्या. परत आल्यावर त्यांनी जे सांगितले ते ऐकायला बरे नव्हते. छापखान्यामागची खोली गेली होती आणि निम्मी हत्यारे भंगारवाल्याने नेली होती. वडिलांचा रंधाही. मावशींनी एवढेच विचारले होते की अर्ज सापडला कुठे. खुर्चीखाली, असे बाईंनी सांगितले.

"मग तो आधीच कामाला लागला होता की," मावशी म्हणाल्या, आणि उरलेली हत्यारे पिशवीत भरायला घेतली.

आता भिंतीपलीकडून दिवसभर करवतीचा आवाज येतो. लोक मोडकी स्टुले, पंखे, छत्र्या घेऊन रांगेत उभे असतात. आणि पहिल्याच दिवशी दुरुस्तीला कोण आले असेल? झोपाळा. कडी निखळली होती. मावशींनी त्याच्या बसायच्या फळीला नवी कडी लावून दिली, वर तेलपाणी केले. जळफळाटाने माझी एक खुंटी सैल झाली, ती अजून सैलच आहे.

मला वाटले, आता आपली पाळी. पण खजिनदार म्हणाले की संस्थेच्या मदतीने चालणाऱ्या जागी संस्थेचीच खुर्ची दुरुस्त करून घेतली तर लोक काय म्हणतील. मावशी म्हणाल्या, दोन मिनिटांचे काम आहे, मी येता जाता करते. अध्यक्षांनी हा प्रश्न रीतसर सभेपुढे ठेवला. तो विषय क्रमांक नऊ आहे. गादीची खुर्ची आता अर्जदारांना दिली आहे आणि प्रायश्चित्त म्हणून अध्यक्ष स्वतः माझ्यावर बसतात. आठव्या विषयापर्यंत त्यांची पाठ धरते आणि सभा संपते. अर्ज मात्र इस्त्री करून, 'मंजूर' असा शिक्का मारून फाइलमध्ये नीट लावला आहे. म्हणजे माझ्या पायाखाली पुन्हा काही नाही.

मित्रांनो, कोणी डळमळताना दिसला तर आधी त्याच्या पायाखालची जमीन पाहा, असे काहीतरी मला शेवटी सांगायचे होते. ते मनापासून सांगते. पण त्याहून निकडीची एक विनंती आहे. तुमचे वाचून झाले असेल, तर या पानांना तीन घड्या घाला आणि मागच्या डाव्या पायाखाली सरकवा. गोष्ट आवडली नसली तरी चालेल. कागद जाड असला म्हणजे झाले.