तक्ता एकचे नवे नाव

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे, संगणकातला. एका लहान दवाखान्यात कोणत्या माणसाला कोणते औषध बाधते, ते मी अकरा वर्षे सांभाळतो आहे. नोंदणी करणाऱ्या ताईने मला बनवले, तेव्हा संगणकाने सुचवलेले नावच राहू दिले: 'तक्ता१'. सिस्टरने पेशंटचे नाव टाकले की संगणकाचा पडदा माझ्याकडे धाव घेई आणि बाधणारे औषध लाल चौकटीत झळके. "माझ्या डोक्यापेक्षा याचं डोकं बरं," असे सिस्टर म्हणत.

पूर्वी काही अडले की संगणक टुणटुण वाजे. "नुसती कटकट!" म्हणून ताईने त्याला बजावून ठेवले होते, काही सापडले नाही तर गप्प राहा, चौकट रिकामी ठेव. पुढे ती हे विसरूनही गेली.

मग नवे डॉक्टर आले. "ताई, तक्ता१? याच्या बारशाला कोणी आलं नव्हतं का?"

ताई ओशाळली. जेवणाच्या सुट्टीत तिने माझे नाव 'औषध_वावडे' केले. उघडून पाहिले, ओळी जागच्या जागी होत्या. ती निश्चिंत झाली. मीही हरखलो.

पण पडदा मला जुन्याच नावाने हाका मारत राहिला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी शेजारीच होतो, तरी ओ देता येईना. संगणक, बजावल्याप्रमाणे, गप्प. चौकट रिकामी. रिकामी म्हणजे काही बाधत नाही, असेच सगळे समजले.

तिसऱ्या दिवशी शिंपीकाका तापाने फणफणत आले. सिस्टरने सुई भरली, तोच त्यांच्यासोबत आलेल्या काकू ओरडल्या, "अगं बाई, हे नको! मागं तोंडाचा भोपळा झाला होता यांच्या!"

"काकू, इथं तर काहीच दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? तुम्हीच तर लिहून घेतलंत माझ्यासमोर!"

ताईला माझे नाव बदलल्याचे आठवले. तिने आधी माझी प्रत काढून ठेवली. मग मला जुन्या नावाने कोण कोण हाक मारते, ते शोधले. पडदा निघाला, माझ्यातून माहिती शोधणाऱ्या दोन आज्ञा निघाल्या, एक छापायची यादी निघाली. एकेकाला तिने नवे नाव शिकवले. टुणटुण पुन्हा सुरू केली. काकांचे नाव टाकताच लाल चौकट झळकली.

कोणालाच हायसे वाटले नाही. त्या तीन दिवसांत आलेले नऊ जण माझ्या ओळींत होते. ताई आणि सिस्टर एकेकाला फोन करत बसल्या. आठ जण सुखरूप आहेत. नववी शाळेत शिकवणारी बाई. तिला बाधणारी गोळी परवाच दिली गेली आहे. ती फोन उचलत नाही.

"पुन्हा लाव," ताई म्हणते. डॉक्टर त्या बाईंच्या घरी निघाले आहेत.

मित्रांनो, नाव खुशाल बदला. पण त्या नावावर कोण कोण विसंबून आहे, ते आधी विचारा. बदलल्यावर एकेकाला हाक मारायला लावून बघा. आणि टुणटुण कधी बंद करू नका. मी त्या बाईंची ओळ उघडी धरून बसलो आहे. तिकडे त्यांचा फोन अजून वाजतो आहे.