कुंकू लागलेलं टोक

मी भिंतीच्या आतून बोलतेय. चिखलीतल्या एका तिमजली घराच्या हॉलमध्ये तुम्ही उभे राहिलात, तरी मी तुम्हाला दिसणार नाही. माझं एक टोक टीव्हीच्या कपाटात, इंटरनेटवरचं चित्र आणणाऱ्या डब्यात आहे, दुसरं मागच्या बाजूला छतापाशी, प्रोजेक्टरमध्ये. मधले पंधरा मीटर मी पाइपात, सिमेंटखाली, अंधारात आहे.

मी चित्र वाहून नेणारी केबल आहे. माझ्या पोटात केसाहून बारीक काचेचे चार धागे आहेत. त्यांतून उजेड धावतो, पण एकाच दिशेने. म्हणून कारखान्यात माझ्या टोकांवर बारीक अक्षरं छापली होती: चित्र कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर पडणार. त्या अक्षरांचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं.

शेखरभाऊंनी मला घरी आणलं. ते चाकणच्या एका कंपनीत कामाला आहेत. त्यांची मुलगी पूनम राज्याच्या संघातून खो-खो खेळते. रविवारी दुपारी चार वाजता, दूर परराज्यात तिचा अंतिम सामना होता. तो मोबाइलवर दिसणार होता. पण तिच्या आजीची, सोजरबाईंची नजर अधू झाली आहे. खूप मोठं असेल तेवढंच त्यांना दिसतं. प्रत्येक सामन्यानंतर पूनम फोनवर विचारायची, "आजी, बघितलंस?" आणि त्या म्हणायच्या, "व्हय, बघितलं की."

एक दिवस त्या लेकाला म्हणाल्या, "शेखर, मोबाइलात मला नुसत्या मुंग्या पळत्यात रं. पोरीशी किती खोटं बोलू?"

म्हणून प्रोजेक्टर आला, म्हणून मी आले.

भिंत खणून पाइप आधीच बसवला होता. त्याच रविवारी सकाळी वायरमन ज्योतीराम मला त्यातून ओढायला आले. ते मूळचे लातूरकडचे. तेवढ्यात सोजरबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

"अगं आई, वायरीला कसलं कुंकू?" शेखरभाऊ हसले.

"ट्रॅक्टरला लावलं, तुझ्या गाडीला लावलं. हिनंच काय पाप केलंय?"

त्यांनी चाचपडत माझी दोन्ही टोकं हातात घेतली आणि ओली बोटं टेकवली. मला पहिल्यांदाच कुणीतरी घरातलं मानलं होतं. मी इतकी भारावले, की अक्षरं झाकली गेल्याचं माझ्याही लक्षात आलं नाही. पूजेचं कुंकू ज्योतीरामांनीही पुसलं नाही. अंदाजाने एक टोक पोलादी तारेला बांधून त्यांनी मला ओढलं.

तीन वाजता प्रोजेक्टर लावला. समोरची पांढरी भिंत निळी झाली आणि निळीच राहिली.

ज्योतीरामांनी सगळं तपासलं. शेवटी अंगठ्याने माझं कुंकू पुसलं आणि अक्षरं वाचली.

"मालक, उलटी गेली की वो! सगळी काढून, फिरवून घालावी लागती. वळणावर काच तुटली, तर आज काय खरं नाही."

सोजरबाई खुर्चीत बसल्या. "माज्याच बोटानं झालं."

"माय, तुम्ही लावलं, म्या पुसलं नाही. चूक आर्धी आर्धी वाटून घिऊ," ज्योतीराम म्हणाले. मग त्यांनी माझ्या छताकडच्या टोकाला सुतळी बांधली, म्हणजे मी बाहेर आले तरी पाइपातली वाट हरवणार नव्हती. "पावडर हाय का घरात? लावली म्हंजी वळणावर आडकायची नाही."

सोजरबाई पूनमचा पावडरचा डबा घेऊन आल्या. मला कपाटाच्या बाजूने बाहेर काढून माझ्या सगळ्या अंगाला पावडर चोळली. त्या सुतळीला आता माझं दुसरं टोक बांधलं. ज्योतीराम शिडीवर चढून सुतळी ओढू लागले, शेखरभाऊ कपाटापाशी मला आत सोडत होते.

"रेटू नका. ती मागती तेवढीच सोडा."

वळण आलं. माझे धागे ताणले गेले. ज्योतीराम थांबले. भिंतीला कान लावून त्यांनी डोळे मिटले आणि मला बोटभर, मग आणखी बोटभर पुढे घेतलं. भिंतीआडचं ते हाताने पाहत होते! माणसाची बोटं एवढी शहाणी असतात, हे मला माहीत नव्हतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना माझ्या काचेतून पहिला उजेड गेला. मैदान, लाल माती, धावणारी माणसं, सगळं माझ्यातून गेलं आणि मला त्याचं काहीच ओझं झालं नाही. भिंतीवर पूनम उभी राहिली, खऱ्याएवढी. सोजरबाई उठल्या, जवळ गेल्या आणि भिंतीवर हात ठेवला. पूनम त्यांच्या हातावरून धावली.

"एवढी उंच झाली व्हय गं!" त्या पुटपुटल्या.

संघ दोन गुणांनी हरला. थोड्या वेळाने फोन वाजला. "आजी, बघितलंस?" आवाज रडवेला होता.

"डावा गुडगा फुटलाय तुजा. हळद लावलीस का?"

पलीकडचं मुसमुसणं थांबलं. मग हळूच आलं, "आजी... तुला दिसलं?"

आता रुपेरी पदक घरी आलं आहे. माझ्या अंगाला अजून पूनमच्या पावडरीचा वास आहे. काल शेखरभाऊ पदक टांगायला खिळा-हातोडी घेऊन नेमके माझ्यासमोर उभे राहिले. मला ओरडता येत नाही. म्हणून तुम्हालाही सांगते, भिंतीत खिळा ठोकण्याआधी आत कोण आहे, ते एकदा आठवत जा.

सोजरबाई काठी टेकत आल्या. त्यांनी भिंत चाचपली आणि बरोबर माझ्यावर हात ठेवला.

"हितं नगं मारू," त्या म्हणाल्या. "हितनं पूनम येती."