अठरावरची थाप

परत आलेला खोका कारखान्याच्या मालकीणबाईंनी स्वतः उचलून तपासणीच्या टेबलावर ठेवला, तेव्हा रेघताईने हातातलं काम बाजूला सारलं.

खोक्यात चाळीस पिना होत्या. अठरा मिलिमीटर जाडीच्या, आरशासारख्या घासलेल्या. पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकाने त्या जशाच्या तशा परत पाठवल्या होत्या आणि सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: ‘भोकात सैल बसतात.’

“ह्या तुम्हीच पास केल्या होत्या ना?” मालकीणबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं.

“मीच. चाळीसच्या चाळीस.”

तिचं खरं नाव कारखान्यात कुणाला धड आठवतही नसेल. दिवसभर ‘एक रेघ कमी आहे’, ‘एक रेघ जास्त आहे’ असं म्हणायची, म्हणून ती रेघताई झाली. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, माणसाच्या केसाहूनही कितीतरी बारीक. तेवढ्यासाठी ती लेथवरच्या धिप्पाड गड्यांना माल घेऊन माघारी धाडायची आणि ते कुरकुरत का होईना, जायचे. बावीस वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेली एकही वस्तू परत आली नव्हती.

तिने खोक्यातली एक पिन उचलली आणि मोजली. अठरा, बरोबर. दुसरी मोजली. अठरा. मग तिने मालकीणबाईंच्या कपाटातली लाकडी पेटी मागवली. त्यात ठरावीक मापाचे पोलादी ठोकळे होते, स्लिप गेज. माप जुळलं नाही तर चूक मोजणाऱ्याची, ठोकळ्याची नव्हे, असा त्यांचा मान. तिने पाचचा ठोकळा लावला, मग दहाचा, पंधराचा. सगळं ठीक. दोन ठोकळे जोडून अठरा केले आणि मायक्रोमीटरने एक रेघ जास्त दाखवली. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. म्हणजे हा ज्या पिनेला अठरा म्हणतो, ती खरी एक रेघ बारीक.

“रोज सकाळी शून्यावर तपासते मी,” ती हळूच म्हणाली. “हा शून्यावर खरं बोलतो आणि अठरावर थाप मारतो.”

“मग झालं तर! नवा घेऊ. आकडे उमटणारा घेऊ, डोळेही ताणायला नकोत. किती वर्षं मागे लागलेय मी तुमच्या.”

“दुरुस्त होतो का ते एकदा विचारून येते. तोवर टूलरूममधला वापरते.”

मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “या विचारून. पण रेघताई, काळजाने नका ठरवू हं. मापाने ठरवा.”

त्या दिवशी तिने आधी गोदामातली प्रत्येक पिन दुसऱ्या मायक्रोमीटरने मोजून काढली. मग गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावला आणि सांगितलं, चूक माझ्या हत्याराची, म्हणजे माझीच. पलीकडचा माणूस भांडायच्या तयारीत बसला असावा. तो “बरं, नव्या पाठवा” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळजींकडे गेली. हा माणूस पूर्वी मनगटी घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळं लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसल्यावर त्याने मोजमापाच्या हत्यारांचं काम धरलं. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मांजराला बाहेर जावं लागे. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, मायक्रोमीटर सोडवला, आतल्या दांड्याचे आटे पुसले आणि बराच वेळ एकच जागा बघत राहिले.

“ताई, तुम्ही जन्मभर एकच वस्तू मोजलीत का हो?”

“जवळजवळ. पिनाच जास्त.”

“दिसतंय. आटे सगळीकडे सुरेख आहेत, फक्त अठराच्या आसपास झिजलेत. पायरी कशी मधोमध झिजते, तसे.” त्यांनी भिंग काढलं. “मोजायची तोंडं घासून सपाट करून देतो, चकाकी आणतो. पण झिजलेले आटे काही मला भरून आणता येत नाहीत.”

“दांडाच बदलला तर?”

“ह्याच जातीचा एक मोडका माझ्या खणात आहे. त्याचा दांडा बसेल. पण दांडा आणि नळी हे जोडीने घडवलेले असतात. धड ह्याचं, जीव त्याचा. मग तो कुठे खरं बोलेल आणि कुठे खोटं, ह्याची हमी मी देणार नाही. दुसरा कुणी देईलही. मी नाही.”

खरं बोलणारा कारागीर भेटला की राग येतो आणि आदरही वाटतो, तसं तिचं झालं. तिने सुटे भाग तसेच पुन्हा जोडून मागितले आणि निघाली. पण पाय घराकडे वळेनात. हा मायक्रोमीटर टाकायचा तर आधी एका माणसाला विचारायला हवं होतं.

तो माणूस म्हणजे मास्तर. ती कारखान्यात लागली तेव्हा मास्तर तपासणीला होते आणि ती पिनांना तेलकट कागद गुंडाळायच्या कामावर. पिना भोकं पाडलेल्या लाकडी फळीत उभ्या करायच्या. एक दिवस एक पिन भोकात इतरांपेक्षा जड जातेय असं तिला वाटलं, म्हणून ती पिन घेऊन ती थेट मास्तरांकडे गेली. लोक हसले. मास्तरांनी पिन मोजली आणि हसले नाहीत. “दोन रेघा जास्त आहे,” ते म्हणाले, “आणि माझ्या नजरेतून सुटली होती.” त्यानंतर वर्षभर ते जेवणाच्या सुट्टीत अर्धा डबा संपवून तिला मोजायला शिकवत. पुढे तपासणीची एक जागा निघाली, तर तेव्हाचा मॅनेजर म्हणाला, बाईसाठी कारखाना हत्यार घेणार नाही, स्वतःचं असेल तर बघू. मास्तरांनी आपला मायक्रोमीटर तिच्या हातात ठेवला. “ठेव. माझ्याकडे दुसरा आहे.”

मास्तरांच्या घराचं दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी उघडलं. गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. बोलणं बरंचसं परतलं होतं, पण उजव्या हाताची बोटं अजून रुसलेलीच होती. खिडकीशी खुर्चीत बसून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. खोका, ठोकळे, घड्याळजी. सांगता सांगता तिने पदराने डोळे पुसले.

“अगं, रडतेस काय वेडे?” मास्तर सावकाश म्हणाले. “टाक तो. नवा घे.”

“तुमचा आहे हो. मला टाकवत नाही.”

“माझा कसला? मी तरी कुठे नवा घेतला होता! एक कारखाना बंद पडला, तिथून जुनाच आणला होता. माझ्या आधी कुणाचा होता, देव जाणे.” ते थांबले, दम घेतला. “पिन ज्याच्या पंपात जाते, त्याला तुझ्यामाझ्या मायेशी काय देणंघेणं? चुकीचं मोजणारं हत्यार दयेपोटी ठेवलंस, तर मी शिकवलेलं सगळं पाण्यात.”

तिने मान हलवली. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ह्या एका वाक्यासाठीच आपण इथवर आलो, हे तिला तेव्हा कळलं.

काकू चहाचे कप घ्यायला आत गेल्या, तशी ती मदतीला मागोमाग गेली. काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, “त्यांनी तुला कधी सांगितलं का गं, दुसरा नव्हता म्हणून?”

“काय दुसरा?”

“मायक्रोमीटर! एकच तर होता. तुला दिल्यावर निवृत्त होईपर्यंतची तीन वर्षं टूलरूममधून रोज मागून घ्यायचे. तिथे चांगले दोनच, पहिला येईल त्याला मिळायचे. म्हणून घरून अर्धा तास आधी निघायचे. तुला काय वाटलं, त्यांना पहाटे उठायची हौस होती? आमच्याकडे हौस म्हणशील तर झोपेचीच!”

रेघताईने हातातला कप ओट्यावर ठेवला. मास्तर लवकर येतात म्हणून कारखान्यात सगळे त्यांची थट्टा करायचे, मालकाला खूश करतात म्हणायचे. थट्टेत हसणाऱ्यांत तीही होती.

ती बाहेर आली. बावीस वर्षांत तिने त्यांना लाडू, फळं, शाल असं काय काय दिलं होतं, पण सरळ शब्दांत कधी काही म्हटलं नव्हतं.

“मास्तर, तुम्ही तीन वर्षं माझ्यासाठी लवकर उठलात.”

मास्तरांनी काकूंकडे रागाने पाहिलं. “हिच्या पोटात तीळ भिजत नाही!”

“बावीस वर्षं भिजला की,” काकू म्हणाल्या.

“माझं घर त्यावर उभं राहिलं,” रेघताई म्हणाली. “दोन्ही पोरी त्यावर शिकल्या. मी तुमची फार ऋणी आहे. एवढं ऐकून घ्या, मग हवं तर रागवा.”

मास्तर रागावले नाहीत. डावा हात पुढे करून म्हणाले, “आण इकडे. बघू तरी ह्या म्हाताऱ्याची तब्येत.”

तिने मायक्रोमीटर त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताने त्याची कमान धरून त्यांनी उजव्या हाताची बोटं फिरकीवर नेली. बोटं घसरली. पुन्हा नेली. अंगठा आणि पहिलं बोट मिळून फिरकी केसभर फिरली आणि बारीकसा ‘टिक्’ झाला. मास्तरांनी वर पाहिलं. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू महिनाभर कोपऱ्यात पडला होता, त्याला ते हात लावत नव्हते. काकू दारात थांबून बघत होत्या.

“हा इथे ठेवला तर चालेल?” रेघताईने विचारलं.

“अठरा सोडून बाकी सगळं मोजीन,” मास्तर म्हणाले.

सोमवारी नवा मायक्रोमीटर आला. रेघताईने आकडे उमटणारा नको म्हटलं, रेघांचाच मागितला. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि मागवला. पिनांचा नवा माल तिने मोजून पाठवला. त्या भोकात घट्ट बसल्या असा निरोप आला. आता ती सकाळी शून्याबरोबर दहा, अठरा आणि पंचवीसही ठोकळ्यांवर तपासते. लेथवाले म्हणतात, रेघताईची पूजा हल्ली लांबली. म्हणतात खरं, पण आपापली हत्यारंही तिच्याकडे तपासायला आणून देतात.

दोनेक महिन्यांनी काकूंचा फोन आला. कारखान्यात यंत्रांचा गोंगाट होता म्हणून ती फोन घेऊन आवारात गेली.

“ऐकलंस का गं? आज शर्टाची तीन बटणं त्यांची त्यांनी लावली.”

“आणि बाकीची?”

“बाकीची मी लावली. सगळी एकाच दिवशी लावली, तर मी काय करू?” काकू हसत होत्या, हसता हसता नाक ओढत होत्या.

रेघताई आवारातल्या कट्ट्यावर बसली आणि “आणखी सांगा ना काकू,” म्हणाली.